खंड कुठे पडतो?

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून माझ्या कवितेच्या मित्रांना थोडं नवल वाटेल. विषय आहे गेमिंग कॉम्प्युटरचा. मी बी.ए.पर्यंत मराठी शिकलेला माणूस, या यंत्रांचा जाणकार नव्हे. पण धाराशिव काय, तुळजापूर-उमरगा काय, ही यंत्रं आता आपल्या घरांत आली आहेत आणि त्यांच्याबरोबर एक भांडणही आलं आहे. पोरगं म्हणतं, ‘गेम अडकतोय, नवं ग्राफिक्स कार्ड पाहिजे.’ कार्डाची किंमत वीस-तीस हजारांच्या घरात. बाप म्हणतो, ‘मशीन घेऊन दोन वर्षं झाली नाहीत, आता पुन्हा पैसे कशाला?’ दोघांनाही आपलंच खरं वाटतं. मधल्या मधे आई गप्प बसते, कारण महिन्याचा हिशेब तिलाच ठाऊक असतो. म्हणून आज एवढंच बोलू. गेम अडखळतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि खिशात हात घालण्याआधी काय पाहावं?

पडद्यावरचं चित्र मुळात हलत नसतं. ती स्थिर चित्रांची रांग असते. एकामागून एक चित्रं इतक्या झटपट येतात की डोळ्याला ती सलग वाटतात. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. मराठी माणसाला ही विद्या नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या दाण्याला अंकुर फुटून रोप कसं वाढतं, ते दिवसेंदिवस थोडं थोडं टिपलं आणि एका छोट्याशा चित्रपटात सलग दाखवलं. तो चित्रपट पाहून त्यांना पुढच्या कामासाठी भांडवल मिळालं. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो मूकपट होता, आणि त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत. हाताचा वेग थोडा कमी-जास्त झाला तरी चालून जाई. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदा बोलू लागला. बोलपटाला असं कमी-जास्त चालत नाही, कारण वेग बदलला की आवाज बिघडतो. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाण जगभर रूढ झालं.

सिनेमात आणि गेममध्ये मोठा फरक आहे. सिनेमाची चित्रं आधीच तयार असतात, ती फक्त दाखवायची. गेममध्ये खेळणारा डावीकडे वळेल की उजवीकडे, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येक चित्र त्याच क्षणी नव्यानं करावं लागतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. सिनेमा म्हणजे डब्यात बांधून आणलेली भाकरी. गेम म्हणजे तव्यावरून थेट ताटात पडणारी.

भाकरीचंच उदाहरण पुढे नेतो, कारण सगळा विषय त्यात बसतो. लग्नघरी एक बाई भाकरी थापते आणि दुसरी भाजते. कॉम्प्युटरमध्ये थापण्याचं काम प्रोसेसर करतो. कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं की नाही, हा हिशेब त्याचा. भाजण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं. रंग, उजेड, सावल्या भरून चित्र पडद्यावर टाकायचं. रॅम म्हणजे परात. परात लहान असली की पिठासाठी पुन्हा पुन्हा कोठीत जावं लागतं. आता सांगा, थापणारीचाच हात संथ असेल तर मोठा तवा आणून काय होणार? तवा रिकामा तापत बसेल. नवं कार्ड घेऊनही गेम अडखळतच राहिला, असं होतं ते यामुळेच. कोण मागे पडतं आहे, हे आधी ठरवलं पाहिजे.

आणखी एक फसवी गोष्ट आहे, ती म्हणजे सरासरी. पडद्याच्या कोपऱ्यात ‘६०’ आकडा दिसतो, तरीही खेळताना चित्र झटके देतं. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुला-शेंगांत असताना वीस-पंचवीस दिवस पावसाचा खंड पडला, तर पुढे सप्टेंबरात कितीही बरसून सरासरी भरली तरी गेलेली शेंग परत भरत नाही. फ्रेमचंही तसंच. सेकंदाच्या पहिल्या अर्ध्यात पन्नास चित्रं आली आणि उरलेल्या अर्ध्यात दहा, तरी बेरीज साठच. डोळ्याला मात्र तो खंड टोचतो. कवितेत ओळीच्या एकूण मात्रा बरोबर असूनही मधे एक जागा रिकामी राहिली की कान अडतो, तसाच. म्हणून ‘फ्रेम किती?’ यापेक्षा ‘खंड कधी आणि कुठे पडतो?’ हा प्रश्न अधिक कामाचा.

हा प्रश्न आमच्याच घरात उपयोगी पडला. माझा भाचा गेम खेळतो आणि त्याच मशीनवर लग्नाचे व्हिडिओ जोडून चार पैसेही मिळवतो. माझ्या मेहुण्यांचं शिलाईचं दुकान आहे. त्यांनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते, आणि भाच्याला त्याच पैशांतून कार्ड हवं होतं. ‘मामू, तुम्ही अब्बांना समजवा,’ म्हणून तो माझ्याकडे आला. मी त्याला फक्त विचारलं, ‘अटकता कब?’ तो म्हणाला, ‘पंद्रा मिनट मस्त चलता मामू, फिर एकदम अटकता.’ कधीपासून? तर मार्चपासून. हिवाळ्यात काही तक्रार नव्हती.

गेम तोच, मशीन तेच, बदलला तो ऋतू. आम्ही वही घेऊन बसलो. फ्रेम, प्रोसेसरचा वेग आणि तापमान हे तिन्ही आकडे पडद्यावर दाखवणारी मोफत प्रणाली मिळते. दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले. सुरुवातीला सत्तरच्या आसपास फ्रेम होत्या. वीस मिनिटांनी त्या चाळिशीच्या खाली आल्या, आणि तोवर प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांच्या जवळ पोचलं होतं. तापमान वर, वेग खाली. यंत्रात बिघाड नव्हता, उलट ते शहाणपणानं वागत होतं. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांना पोचला की जळू नये म्हणून आपणहून हात आखडता घेतो. भर उन्हात राबणारा मजूर सावलीला टेकतो, तसंच हे.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा चाळिशी ओलांडतो. मशीनमधला पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की आतलं तापमानही साधारण तेवढ्याच पंधरा अंशांनी चढतं. भाच्याची खोली पत्र्याची, मशीन टेबलाखाली जमिनीवर, पाठ भिंतीला टेकलेली, आणि धूळ बसू नये म्हणून आईनं प्रेमानं शिवलेलं कापडी झाकण अर्धवट वर. धूळ तरी आत गेलीच होती. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये तिचा नमदा झाला होता.

आम्ही मशीन बंद केलं, वायर भिंतीतून काढली, मऊ ब्रश आणि हवेच्या ब्लोअरनं धूळ काढली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर ती वेगानं फिरून पंखा बिघडू शकतो. प्रोसेसर आणि धातूच्या मधे एक लेप असतो. तो वाळला की उष्णता नीट बाहेर जात नाही. तो दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतला. मशीन टेबलावर ठेवलं, भिंतीपासून वीतभर दूर. सगळा खर्च पाचशेच्या आत झाला. खोली तीच, मे महिना तोच, पण फ्रेम तासभर साठीच्या वर टिकून राहिल्या. व्हिडिओ तयार व्हायला लागणारा वेळही कमी झाला, कारण तो प्रोसेसरही हाच. मुलीचा प्रवेश ठरल्याप्रमाणे झाला. दोन-तीन जड गेम मात्र अजूनही जडच आहेत. तिथे भाच्यानं सावल्यांची पातळी ‘मध्यम’ केली आणि तो खेळू लागला.

प्रत्येक घरात दोष उष्णतेचाच असेल असं नाही. म्हणून आणखी काही गोष्टी सांगतो. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. ती ग्राफिक्स कार्डाच्या छिद्रात हवी. पुष्कळदा ती मदरबोर्डाच्या छिद्रात असते आणि महागडं कार्ड बसून राहतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असून सेटिंग ६० वरच राहिलेली असते. रॅमच्या एका मोठ्या पट्टीऐवजी तेवढ्याच क्षमतेच्या दोन सारख्या पट्ट्या योग्य जागी लावल्या तर पुष्कळ गेम सुधारतात. मागे ब्राउझरची वीस पानं उघडी असतात, कुठलं तरी अपडेट उतरत असतं. लॅपटॉप असेल तर वीज गेल्यावर तो बॅटरीवर जातो आणि बॅटरी वाचवण्यासाठी वेग मुद्दाम कमी करतो. भारनियमनाच्या वेळी गेम रडतो तो यामुळे, त्याला दुरुस्ती नको असते.

आणि इंटरनेटचा दोष मशीनवर टाकू नका. चित्र गुळगुळीत आहे, पण मारलेली गोळी उशिरा लागते, समोरचा खेळाडू इथून तिथे उडी मारतो, तर खोट जोडणीत आहे. तिथे ‘पिंग’चा आकडा पाहायचा. नवं कार्ड घेऊन पिंग कमी होत नाही. उलट, इंटरनेट न लागणाऱ्या गेममध्येही चित्र अडखळत असेल, तर दोष घरातल्या यंत्रात शोधायचा.

थापणारी मागे की भाजणारी, हे ओळखायची एक फुकटची परीक्षा आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार कमी करा, १०८० चा ७२० करा. त्यानं भाजण्याचं काम हलकं होतं. फ्रेम भरभर वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर अडचण प्रोसेसरची, रॅमची किंवा उष्णतेची. मात्र गेममध्येच फ्रेमला ३० किंवा ६० ची मर्यादा घातलेली नाही ना, हे आधी पाहा, नाहीतर परीक्षा खोटी ठरेल.

बापमंडळींना माझं सांगणं आहे की मुलगा तक्रार घेऊन आला की ‘खेळायचे धंदे बंद कर’ म्हणून विषय तोडू नका. त्याच्या शेजारी बसून विचारा, ‘कधीपासून? किती वेळानं? कुठल्या गेममध्ये?’ आणि मुलांनो, एक वही करा. एका वेळी एकच बदल करायचा, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहायचा. पाच बदल एकदम केलेत तर गुण कशानं आला ते कळणार नाही. एवढं सगळं करून कार्डच अपुरं आहे असं निघालं, तर ती वही वडिलांपुढे ठेवा. मग वडिलांनीही ऐपतीप्रमाणे विचार करावा, कारण आता त्यांच्यापुढे हट्ट नाही, पुरावा आहे.