रिपोर्ट लवकर, उपचार लवकर
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही, रेल्वेत रुळांची देखभाल पाहणारा डिप्लोमा इंजिनियर आहे. रुळाच्या आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. आम्ही ती अल्ट्रासोनिक यंत्राने जागच्या जागी शोधतो. रूळ प्रयोगशाळेत न्यावा लागत नाही. रुग्णालयांतही आता असेच होऊ लागले आहे.

मलेरियाची कार्ड टेस्ट रक्ताच्या एका थेंबावर १५ ते २० मिनिटांत उत्तर देते. क्षयरोगाचे जंतू कल्चरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात. गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र ते थुंकीतून सुमारे तासाभरात ओळखते. रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हेही पुढच्या चाचणीत कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या चाचण्यांची शिफारस केली.

मात्र वेळेचे भान हवे. डेंग्यूची एनएस-१ तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत जास्त उपयोगी. नंतर अँटिबॉडी तपासतात. म्हणून ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, हे डॉक्टरांना नक्की सांगा. ‘निगेटिव्ह’ आले म्हणून निर्धास्त राहू नका. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढू शकतो.

चीर सापडूनही रूळ तसाच ठेवला तर यंत्राचा उपयोग काय? तसेच रिपोर्टचे आहे. तो हाती येताच डॉक्टरांना दाखवा, औषधाचा कोर्स पूर्ण करा. पावसाळ्याचे दिवस आहेत, ताप अंगावर काढू नका.

गणपती बाप्पा मोरया!