वास येतोय, पण कशाचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझ्याआधी डॉक्टर बोलले, वकील बोलले. आता गॅरेजवाला बोलणार आहे. काल रात्री जेवताना तिघांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "नवी ऑटोमॅटिक घेतली बे, जळका वास येतोय. काय असेल?" म्हटलं, सगळ्यांना एकदमच सांगून टाकू.

आपली प्रयोगवही आठवते? साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपण शेजाऱ्याचं अनुमान आधी उतरवायचो आणि निरीक्षण मागाहून जुळवायचो. सर तेवढ्यासाठी वही परत द्यायचे. तीच चूक मी पन्नाशीत केली. जिच्या बाबतीत केली ती मैत्रीण इथेच बसली आहे. तिला विचारूनच सांगतोय.

तिने दसऱ्याला नवी गाडी घेतली आणि रिवाजाप्रमाणे पहिली फेरी तुळजापूरची केली. घाटात पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे एसटी, रांग मुंगीच्या पावलांनी. वर पोचेपर्यंत गाडीत जळका वास. तिने तिथूनच फोन लावला. मी हातातला पाना खाली न ठेवता म्हणालो, "अगं, नवी गाडी आहे, येतो वास. जाईल."

जानेवारीत गड्ड्याच्या गर्दीत, होम मैदानाजवळ, तिची गाडी बंद पडली. म्हणजे इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. क्लच प्लेट जळाली होती. झिजणारा भाग म्हणून वॉरंटीत बसली नाही, खर्च तिच्या अंगावर आला. त्याहून वाईट म्हणजे घरात सगळे म्हणाले, "तुला गाडी जमत नाही." तीन महिने तिने किल्लीला हात लावला नाही.

तेव्हा कुठे मी विचारलं, "चढावर थांबावं लागलं की काय करायचीस?" ती म्हणाली, "गाडी मागे येऊ नये म्हणून ॲक्सिलरेटर हलका दाबून धरायचे."

इथेच सगळं होतं. दोनच पेडल आहेत म्हणजे क्लच नाही, असं नव्हे. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत एएमटी आली, नंतर बऱ्याच कंपन्यांनी आणली. तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच प्लेटही तीच. फक्त आपल्या डाव्या पायाचं काम यंत्र करतं. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली की क्लच अर्धवट लागतो, घासत राहतो, तापतो आणि जळक्या कागदासारखा वास सोडतो. चढावर थांबायचं ते ब्रेकवर. पुढची गाडी जरा लांब जाऊ द्यायची, मग एकदाच सरळ निघायचं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मध्ये तेल असतं, तिथे असा क्लच जळत नाही. पण सवय हीच ठेवा.

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, पण मी विचारलं नाही.

म्हणून वास आला की तीन प्रश्न विचारा. केव्हा आला? कुठून आला? काय केल्यावर आला?

पहिल्या काही दिवसांत सायलेन्सरकडून मेणचट, तेलकट वास येतो आणि रोज कमी होत जातो. तो कारखान्यातल्या लेपाचा असतो, घाबरू नका. एकाच चाकापाशी उग्र वास आणि तेच चाक इतरांपेक्षा गरम असेल, तर ब्रेक चिकटला असेल. आधी हॅन्डब्रेक पूर्ण सुटलाय का पाहा. चाकाला हात लावू नका, लांबूनच धग कळते. रस्त्यावरची कॅरीबॅग सायलेन्सरला चिकटूनही प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. गोडसर वास कूलंटचा. तापलेल्या इंजिनाचं झाकण मुळीच उघडायचं नाही.

एका वासाला मात्र प्रश्न विचारत बसू नका. वायर जळाल्याचा वास आला की गाडी कडेला घ्या, बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि लांब उभे राहा. धूर दिसला तर बॉनेट उघडू नका. उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा बाहेरून वायर कापून बसवलेले दिवे आणि म्युझिक सिस्टीम, हे माझ्या गॅरेजमध्ये नेहमीचं दुखणं आहे.

आणि घरातली बाई म्हणाली, "वास येतोय," तर आधी गाडी बघा. "तुला चालवता येत नाही" हे अनुमान झालं, निरीक्षण नव्हे.

ती मैत्रीण आज विजापूर रोडवरून स्वतः गाडी चालवत आली आहे. मी तिच्या शेजारी बसून आलो. वास आला नाही.

सर, या वेळी निरीक्षण आधी लिहिलंय. वहीवर सही करा.