कोळशाची पक्वता आणि त्याच्या पोटातील वायू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या विज्ञानाच्या तासाला मी तीन वर्षे बसलो. एकदा त्यांनी सिंगरेणीच्या खाणीतला कोळशाचा तुकडा वर्गात आणला होता. हा चांगला की झरियाचा चांगला, असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, “चांगला कशासाठी, ते आधी सांग.” पुढे खाणींत आणि प्रयोगशाळांत माझे आयुष्य गेले, आणि त्या प्रतिप्रश्नाचे उत्तर शोधण्यातच ते गेले असे म्हटले तरी चालेल.

कोळशाविषयी बोलताना दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. व्यापारी ज्याला प्रत म्हणतो, ती मुख्यतः राख किती आणि उष्णता किती यांवर ठरते. भूशास्त्रज्ञ ज्याला ‘रँक’ म्हणतो, ती निराळी. तिला मी पक्वता म्हणेन. दलदलीत साचलेल्या वनस्पतींचे पीट होते, पीटचे लिग्नाइट, त्यानंतर उपबिटुमिनी व बिटुमिनी कोळसा आणि शेवटी अँथ्रासाइट. या वाटचालीत पाणी व ऑक्सिजन घटत जातात, कार्बन वाढत जातो. पण पक्वता म्हणजे वय नव्हे. मॉस्कोच्या परिसरातील कोळसा तीस कोटी वर्षांहून जुना असूनही लिग्नाइटच राहिला, कारण तो कधी खोल गाडलाच गेला नाही. कोळसा पिकवते ती मुख्यतः उष्णता. काळ तिला फक्त साथ देतो. आपल्याकडे झरियाचा आणि गोदावरी खोऱ्यातला कोळसा दोन्ही गोंडवन काळातले, जवळजवळ एकाच पिढीचे; तरी झरियाचा कोळसा अधिक पिकलेला आहे. तिथे तर काही थरांत तप्त शिलारस घुसला आणि त्याने कोळशाचा भूगर्भातच नैसर्गिक कोक करून टाकला. खाणकामगार त्याला ‘झामा’ म्हणतात.

पक्वतेबरोबर कोळशाचे अंग पालटते, आणि ते पालटणे सरळ रेषेत होत नाही. लिग्नाइट तपकिरी व ओलसर असते. नेवेलीच्या लिग्नाइटमध्ये जवळजवळ निम्मे वजन पाण्याचेच. बिटुमिनी कोळसा काळा आणि चमकदार. सूक्ष्मदर्शकाखाली व्हिट्रिनाइट या घटकावरून किती प्रकाश परततो ते मोजून पक्वता ठरवतात: लिग्नाइटमध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी, अँथ्रासाइटमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास किंवा वर. परंतु ठिसूळपणा पाहावा तर तो मधल्या पायरीवर सर्वांत जास्त. कमी बाष्पशील द्रव्याचा बिटुमिनी कोळसा हातात चुरतो. त्याला ‘क्लीट’ नावाच्या उभ्या बारीक भेगाही सर्वांत दाट असतात. अँथ्रासाइट पुन्हा कठीण होतो. रंध्रांचेही असेच. कच्च्या कोळशात ती मोठी, मधल्या पायरीवर एकंदर रंध्रता सर्वांत कमी, आणि पक्व कोळशात उरतात ती बहुतांशी अतिसूक्ष्म, काही रेणूंच्या रुंदीची रंध्रे.

मिथेन राहतो तो या अतिसूक्ष्म रंध्रांच्या भिंतींवर. फुग्यात हवा भरावी तसा तो मोकळा नसतो, तर भिंतींना बिलगलेला असतो. यालाच अधिशोषण म्हणतात. एका ग्रॅम कोळशातील या भिंती उलगडता आल्या तर शंभर चौरस मीटरहून अधिक जागा व्यापतील. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी 1918 मध्ये या बिलगण्याचे गणित मांडले. पंगतीचे उदाहरण घ्या. पाट मांडलेले आहेत. पहिल्या मंडळींना जागा झटपट मिळते, पुढे रिकामे पाट कमी होत जातात आणि दारात कितीही गर्दी झाली तरी पंगत भरली की भरली. दाब वाढवत गेल्यास कोळसा प्रथम भराभर वायू घेतो, नंतर सावकाश, आणि शेवटी थांबतो. तापमान वाढले की बसलेली मंडळी उठू लागतात. म्हणून खोलीबरोबर दाबामुळे वायू वाढतो खरा, पण उष्णता त्यातला काही भाग हिरावून घेते.

पक्व कोळशात पाट जास्त, हे उघड आहे. पण कच्च्या कोळशात ते अगदीच कमी असतात असे नाही. तिथे पाणी आधीच येऊन बसलेले असते! लिग्नाइटच्या रेणूंतील ऑक्सिजनयुक्त गट पाण्याला धरून ठेवतात आणि मिथेनला जागा उरत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेत सुकवलेल्या कोळशावर केलेली मोजणी फसवी ठरते: त्यात मधल्या पायरीचा कोळसा सर्वांत कमी वायू घेताना दिसतो, खाणीतल्या ओलाव्यासह मोजले तर मात्र पक्वतेबरोबर क्षमता चढत जाते. शिवाय आपल्या गोंडवन कोळशात राख पुष्कळ, आणि राखेतले खनिज मिथेनला जवळजवळ थारा देत नाही. टनामागचा आकडा वाचताना हे विसरून चालत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. उमेदवारीची पहिली वर्षे मी गोदावरी खोऱ्यातल्या कोळशावर काढली होती. नंतर झरियाकडच्या एका छिद्रणावर गेलो. खोलवरून गाभा वर आला. मी तो धुतला, त्याचे वर्णन लिहिले, छायाचित्रे घेतली आणि मग नळकांड्यात बंद केला. अर्धा तास गेला असेल. नळकांड्यातून निघणारा वायू रोज मोजला आणि आकडा कळवला. तो समाधानकारक, म्हणजे कमी होता. आमच्या वरिष्ठांनी माझी वही मागवली व वेळांचा स्तंभ पाहिला. गाभा वर येताना आणि उघड्यावर असताना निसटलेला वायू हिशेबात धरावाच लागतो. सुरुवातीचा वायू काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुटतो, म्हणून आलेखावरची सरळ रेषा मागे वाढवून हरवलेला भाग काढतात. माझ्या आलेखात ती रेषाच सापडेना, कारण तो ठिसूळ, भेगाळ कोळसा मी वर्णन लिहीत असतानाच बराचसा रिता झाला होता. वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “या आकड्यावर पंखा बसवायचा आहे, ठाऊक आहे ना?” छिद्रण पुन्हा झाले. नवा आकडा आधीच्यापेक्षा पुष्कळ मोठा आला. पुढे कितीतरी रात्री मला तो पंखा दिसत असे.

पंख्याचे महत्त्व असे की हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीची वाट पाहत असतो. 19 फेब्रुवारी 1958 रोजी राणीगंज कोळसाक्षेत्रातील चिनाकुरी खाणीत झालेल्या स्फोटात पावणेदोनशेच्या आसपास कामगार गेले. 1957 च्या नियमावलीने वायूच्या मानाने थरांच्या तीन पायऱ्या केल्या: टनामागे 1 घनमीटरपर्यंत पहिली, 10 पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. झरियातील मुनीडीहसारखी खोल खाण तिसऱ्या पायरीची. तोच वायू खाणकामाआधी काढून घेतला तर इंधन होतो. थरातले पाणी उपसून दाब उतरवायचा, म्हणजे पंगत उठते आणि वायू भेगांवाटे विहिरीकडे येतो. राणीगंजमध्ये 2007 पासून असे व्यापारी उत्पादन सुरू झाले.

आमच्या सिंगरेणीकडच्या खाणी बहुतेक पहिल्या पायरीच्या, आणि त्यामुळे ‘आपल्याकडे गॅस नाही’ असे सहज बोलले जाते. मला हे वाक्य कधीच आवडले नाही. पहिली पायरी म्हणजे शून्य नव्हे. मिथेन हवेहून हलका. वारा मंद असेल तिथे छताशी थर धरून राहतो. आणि जो कोळसा कमी पिकलेला, तो ऑक्सिजन अधिक ओढतो व आपोआप तापतो. गोदावरी खोऱ्याचा खरा वैरी हाच. तापलेला, कोळसा काढून रिकामा झालेला भाग भिंत घालून बंद करतात. भिंतीमागे ऑक्सिजन घटत जातो, आणि थोडा थोडा झिरपणारा मिथेन वाढत जातो. या वाटेत काही तास असे येऊ शकतात की मिश्रण नेमके स्फोटक मर्यादेत असते आणि आत विस्तव जागा असतो. म्हणून भिंत पुरी झाली की माणसे खाणीबाहेर काढतात, आणि भिंतीमागची हवा नळीने तपासून खात्री पटल्यावाचून कुणाला आत पाठवत नाहीत. मग ती खाण कागदावर कोणत्याही पायरीची असो.