कोडिंगचं ‘डोकं’ वेगळं असतं का?

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक प्रश्न. ‘ए’मध्ये १० आहेत, ‘बी’मध्ये २०. पुढची ओळ आहे, ए = बी. आता ए किती आणि बी किती?

उत्तर : दोन्ही २०. पण नव्याने शिकणाऱ्यांना विचारून बघा. कुणी म्हणतं अदलाबदल झाली. कुणी म्हणतं बीमधले २० एमध्ये गेले, मग बीमध्ये शून्य. आणि चूक काय त्यात? एका डब्यातला लाडू दुसऱ्या डब्यात ठेवला की पहिला डबा रिकामाच होतो! पोरांकडे नियम असतो, फक्त तो कम्प्युटरचा नसतो.

हाच प्रश्न घेऊन इंग्लंडमध्ये मिडलसेक्स युनिव्हर्सिटीच्या सईद देहनादी आणि रिचर्ड बॉर्नट यांनी एक चाचणी केली. २००६ मध्ये त्यांचा एक मसुदा फिरला. दावा असा, की कोर्स सुरू व्हायच्या आधीच कुणाला प्रोग्रॅमिंग जमणार आणि कुणाला नाही, हे या चाचणीतून कळतं. इंटरनेटवर लोकांनी तो उचलून धरला. आवडणारच! मुलं नापास झाली तर शिकवणारा सुटला ना. पुढे २०१४ मध्ये बॉर्नट यांनी स्वतःच जाहीरपणे तो दावा मागे घेतला. ही बातमी मात्र तेवढी फिरली नाही.

हे सांगतोय कारण माझी मावसबहीण पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, “दादा, मला कोडिंगचं डोकंच नाहीये. ब्रँच बदलून घेऊ का?” मी विचारलं, प्रॅक्टिकलला करता काय? तर फळ्यावरचा प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवायचा, सही घ्यायची, पुढचा प्रोग्रॅम. ए = बी झाल्यावर आत काय होतं, हे तिला कुणी विचारलेलंच नव्हतं.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला दिले. तेही सुरुवातीचे कोर्स केलेल्या विद्यार्थ्यांना. ११० पैकी सरासरी किती? २२.८९! मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने विचारलं, लिहिणं सोडा, यांना छोटा कोड वाचता तरी येतो का? बऱ्याच जणांना तोही धड येत नव्हता. म्हणजे बाराखडी कच्ची, आणि आपण निबंध मागतोय.

मग करायचं काय? न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये एक मस्त कोडं मांडलं. प्रोग्रॅमच्या ओळी तयार द्यायच्या, पण विस्कटून. मुलांनी फक्त क्रम लावायचा. सेमीकोलन कुठे राहिला यात जीव जात नाही, डोकं लॉजिकवरच राहतं. याला ना लॅब लागते ना लाइट. झेरॉक्स काढा, ओळी कापा, झालं.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. एरिक माझूर यांनी हार्वर्डमध्ये फिजिक्ससाठी सुरू केलेली. सर ए = बीसारखा प्रश्न टाकतात, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. बस! कॅलिफोर्नियात लिओ पोर्टर, बेथ सायमन वगैरे मंडळींनी कम्प्युटर सायन्सच्या चार कोर्सेसचा दहा वर्षांचा हिशोब मांडला. नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. अर्थात तिथले वर्ग, तिथले शिक्षक वेगळे. आपल्याकडे साठ पोरं, सिलॅबस संपवायची घाई, वर्गात बोललं की बाहेर. पण दोन मिनिटं बोलू द्यायला खर्च तो किती?

मावसबहिणीला मी सध्या रोज एक विस्कटलेला प्रोग्रॅम व्हॉट्सॲपवर पाठवतो. पाच-सहा ओळींचाच. ती कागदावर ए आणि बीचे चौकोन काढते, प्रत्येक ओळीनंतर आकडा खोडून नवा लिहिते आणि फोटो पाठवते. काल लूपवर अडली होती. ब्रँच बदलायचा फॉर्म अजून भरलेला नाही, शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे.