अंगणवाडी आणि कॉलेज



आपल्या समाजात शिक्षणाची चर्चा निघाली की ती बहुधा शिष्यवृत्तीपाशी येऊन थांबते. शिष्यवृत्ती हवीच, परंतु ती शिक्षणाचे एक टोक झाली. दुसरे टोक अंगणवाडीत आहे, त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

मिरजेच्या सतारमेकरांची घरे पाहा. तेथील मूल हत्यार हाती धरण्यापूर्वी तारांचा आवाज ऐकत वाढते. आधी कान तयार होतो, मग हात. विद्येचेही तसेच आहे. भाषा, मोजणी, चार मुलांत बसण्याची सवय यांचा पाया सहा वर्षांच्या आत पडतो. तो कच्चा राहिला तर पुढची फी-माफी फारशी उपयोगी पडत नाही. आणि पाया पक्का असूनही फीपायी कॉलेज सुटले तर आधीचे कष्ट वाया जातात.

कॉलेजचे टोक आपल्या भागाने लवकर ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे मुसलमानांसह सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. पुढे देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वार्षिक १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी-माफी मिळाली. त्या सवलतीने जात विचारली नाही, उत्पन्न विचारले. अनेक घरांतला पहिला पदवीधर तिच्यामुळे झाला.

दुसऱ्या टोकाकडे सरकारचे लक्ष उशिरा गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण तिच्यातून मिळू लागले.

या दोन टोकांच्या मधे कोण उभे आहे? घरातली थोरली मुलगी! आई तासगावकडे द्राक्षबागेत किंवा कोणाच्या घरी धुण्याभांड्याला गेली की धाकट्याला सांभाळायला तीच राहते. आधी शाळेचे दिवस बुडतात, मग वर्ष बुडते, मग नाव निघते. तिच्यासाठी ठेवलेली कॉलेजची मदत मग घेणार कोण?

आणि ती मदत आज लहान नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओ.बी.सी. व आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. बागवान, तांबोळी, अत्तार अशा आपल्या कित्येक बिरादऱ्या ओ.बी.सी. यादीत आहेत. परंतु दाखलाच काढला नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. तीन वर्षांचे मूल रोज अंगणवाडीत पाठवा. थोरलीला घरी ठेवू नका. दहावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता जातीचे व उत्पन्नाचे दाखले काढून ठेवा. संस्थेलाही एक सुचवितो. अंगणवाडी काही तासच चालते, आईची मजुरी मात्र संध्याकाळपर्यंत. मोहल्ल्यात एक खोली घेऊन पाळणाघर चालवा. त्या खोलीचे भाडे हीसुद्धा एका मुलीची शिष्यवृत्तीच ठरेल.

विद्यार्थिनींनो, तुम्ही शिकत राहा. धाकट्यांची काळजी आम्ही वडीलधारी मंडळी घेऊ.