पावसाळ्यांतील शीतकपाट

लांज्याच्या पंचक्रोशींत आषाढाच्या धारा सुरू झाल्या कीं स्वयंपाकघरांतील माठाचें पाणी थंड होईनासें होतें. हवाच ओलाव्यानें भरलेली. माठावरचें पाणी सुकणार कसें? आणि सुकल्यावांचून गारवा नाहीं. अशा वेळीं कोपऱ्यांतील लहानशा शीतकपाटाकडे, घरोघरीं ज्याला फ्रिज म्हणतात त्याकडे, सारें घर पाहूं लागतें. आणि नेमका तोही त्याच दिवसांत रुसतो.

वस्तुतः माठ व फ्रिज हे एकाच कुळांतले. थंडी ही बाहेरून आणून भरण्याची वस्तु नव्हे. आंतील उष्णता बाहेर नेणें हाच तिचा अर्थ. माठाचें पाणी वाफ होतांना उष्णता घेऊन जातें. फ्रिजच्या नळ्यांतील द्रव वायुरूप होतांना ती शोषून घेतो, काँप्रेसर तो वायु दाबतो आणि पाठीमागच्या जाळीवाटे ती उष्णता खोलींत सोडली जाते. एवढें ध्यानांत ठेविलें तर पुष्कळशा तक्रारींचें मूळ घरच्या घरीं सांपडतें.

पहिली तक्रार, गारवा येत नाहीं ही. अशा वेळीं फ्रिज चिऱ्याच्या भिंतीला टेंकलेला आहे काय, तें आधीं पाहावें. पाठीमागें सुमारें 10 सेंटिमीटर जागा मोकळी हवी. नाहींतर बाहेर काढलेली उष्णता तेथेंच कोंडते. जाळीवरील धूळ, प्लग काढून, कोरड्या ब्रशानें झाडावी. मग कागदाची पट्टी दारांत धरून दार लावावें. ती सहज निघून आली तर रबरी कड सैल झाली आहे. कड साबणाच्या कोमट पाण्यानें पुसून पुन्हा पाहावें. तरीही फट राहिली तर ती बदलावी.

याच फटींतून ओली हवा आंत शिरते व बर्फाच्या कप्प्यावर गोठते. हा थर पाव इंचाहून जाड झाला कीं तोच गारव्याच्या आड येतो. फ्रिज बंद करून, दार उघडें ठेवून तो आपोआप वितळूं द्यावा. सुरीनें खरवडण्याचा मोह टाळावा. कप्प्याच्या पत्र्यालगतच नळ्या असतात. भोंक पडलें कीं वायु निसटतो, आणि अलीकडच्या पुष्कळ फ्रिजांतील आयसोब्युटेन वायु ज्वालाग्राही असतो. फरशीवर पाणी सांचत असेल तर आंतील पाणी वाहून जाण्याचें छिद्र बहुधा तुंबलेलें असतें. तें कोमट पाण्यानें मोकळें करावें.

दुसरी तक्रार विजेची. वादळांत वीज जाते, येते, पुन्हा जाते. काँप्रेसर बंद पडतांच लगेच चालू झाला तर नळ्यांतील दाब उतरलेला नसतो. तो नुसता घुमतो व तापतो. म्हणून निदान 5 मिनिटें थांबावें, अथवा उशिरानें वीज सोडणारा स्टॅबिलायझर बसवावा. हाताला झिणझिण्या येत असतील तर फ्रिजला पुन्हा हात लावूं नये. मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावें व अर्थिंग तपासून घ्यावें.

वीज गेल्यावर दार उघडूं नये. बंद फ्रिज सुमारें 4 तास गारवा धरतो. त्याहून अधिक वेळ गेला तर दूध, शिजविलेली मासळी, मांस टाकून द्यावें. वासावर विसंबूं नये. अपायकारक अन्नाला वास येतोच असें नाहीं.

सर्वांत जपण्याची वस्तु इन्शुलिन. न उघडलेल्या कुपीला 2 ते 8 अंश सेल्सिअस तपमान लागतें. लहान फ्रिजांत बर्फाच्या कप्प्याला टेंकलेली कुपी गोठते, आणि गोठलेलें इन्शुलिन वितळल्यावरही निरुपयोगी असतें. तें डबींत घालून, कप्प्यापासून दूर, मधल्या फळीवर ठेवावें. शेजारीं पेलाभर पाण्यांत तपमापक रात्रभर ठेविला तर सकाळीं फ्रिजचा खरा हिशेब कळतो.

हें सारें करूनही काँप्रेसर अखंड चालतो आणि तपमापकाचा पारा उतरत नाहीं, तेव्हां वायु निसटला असण्याचा संभव असतो. तेथें घरगुती उपाय संपतात. कारागीर येईपर्यंत इन्शुलिनची कुपी शेजाऱ्याच्या फ्रिजांत नेऊन ठेवणें, हें त्या घराचें पहिलें काम.