सडक, वही आणि आजीचे नाव
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलावयास सांगितले. मी कीर्तनकार नाही, प्राध्यापक तर नाहीच नाही. दहावी पास होऊन तहसील कचेरीत कारकुनी करणारा मी एक साधा माणूस. कागदाशी माझा रोजचा संबंध, म्हणून कागदाविषयीच बोलतो. त्यात माझ्या घरची एक हकिकत आहे. माझे वडील समोरच बसले आहेत. त्यांना विचारूनच ती सांगतो.

आमच्या कचेरीत रोज माणसे येतात आणि आजोबांच्या नावाचा कागद मागतात. जातीचा दाखला काढावयाचा असतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. मग शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, कोतवाल बुक, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, असे एकेक दप्तर उघडते. पुष्कळ तरुण मुले आपल्या पणजोबांचे नाव प्रथम आमच्या खिडकीवर ऐकतात. नोकरीचा किंवा कॉलेजचा अर्ज भरावयाचा नसता, तर ते नाव त्यांना कधी कळलेच नसते.

आपल्या भागाच्या दप्तराचा इतिहासही मोठा आहे. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. पहिले ठाणे पुलगावजवळ कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीला हलले आणि तेथे आजचे वर्धा शहर वसले. आपले गाव तेव्हा आर्वी तहसिलीत. आपल्याकडे मालगुजारी होती, ती १९५१ साली संपली. नदीपलीकडे वऱ्हाड. तेथे मालगुजार नव्हता, खातेदार होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. तरी जमिनीचे कायदे वेगळेच राहिले. इकडे १९१७ चा कायदा, तिकडे १९२८ चा. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली, तेव्हा कुठे दोन्ही तीरांचे दप्तर एका साच्यात आले.

या सगळ्या दप्तरात एक गोष्ट मात्र फारच थोडी सापडते. ती म्हणजे बाईचे नाव. शेत बापाचे, मग मुलाचे, मग नातवाचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वारस म्हणून हक्क दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा केला. त्याआधीच्या कागदात बाई क्वचितच दिसते. दिसलीच तर अमक्याची बेवा, तमक्याची औरत, एवढीच.

आता घरची हकिकत सांगतो.

माझे वडील आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते तीन वर्षांचे व्हायच्या आत त्यांची जन्मदात्री आई वारली. आजोबांनी दुसरे लग्न केले. त्या आजीने बाबांना पोटच्या मुलासारखे वाढवले, आम्हा नातवंडांवर जीव लावला. तिच्याविषयी आमच्या घरात कोणाची तक्रार नाही. पण पहिल्या आजीचे नाव घरात कोणी कधी काढले नाही. तिचा फोटो नाही, भांडे नाही, लुगडे नाही. पितृपक्षात भटजी विचारीत, आईचे नाव सांगा, आजीचे सांगा, आईच्या वडिलांचे सांगा. श्राद्धात वडिलांकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईकडच्याही पिढ्यांची नावे घ्यावी लागतात. बाबा दर वर्षी तेथे थांबत. भटजी तेवढ्यापुरती तोड काढीत आणि पुढे जात. बाबा मात्र दिवसभर गप्प राहत.

कोतवाल बुकात मी शोध घेतला. मृत्यूची नोंद सापडली. आजोबांचे नाव, पुढे "याची औरत", वय अंदाजे, कारण ताप. एवढेच. त्या संध्याकाळी बाबांना तसे सांगितले. ते म्हणाले, "त्र्यंबकले जाऊन पाहू. माह्या आजानं तेथं नाव लेयलं होतं, असं म्हनत."

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया, प्रयाग, हरिद्वार अशा ठिकाणी क्षेत्रोपाध्यायांच्या घरी नामावळ्या असतात. मोठमोठ्या लांब वह्या. गाव, आडनाव यांप्रमाणे लावलेल्या. यात्रेकरू आला की त्याचे, वाडवडिलांचे, भावांचे, मुलांचे आणि बरोबरच्या बायकांचे नाव त्यात लिहितात. जुनी पाने मोडी अक्षरात असतात. सरकारी दप्तर जमिनीसाठी झाले, म्हणून त्यात जमीनवालाच आहे. या वह्या श्राद्ध-तर्पणासाठी झाल्या, म्हणून त्यांत घरची माणसे आहेत, बायकाही आहेत.

आम्ही बापलेक एस.टी.ने निघालो. पंचाहत्तरीवरच्या माणसाला २०२२ पासून एस.टी.चे तिकीट नाही, त्यामुळे बाबांना तो प्रवास फुकट. आपल्या गावावरून जाणारी ही सडक. जुना नंबर सहा, आताचा त्रेपन्न. जुना सहा नंबर तिकडे कलकत्त्यापासून इकडे सुरतेकडे जाई. या सडकेने आपल्या डोळ्यांदेखत लाखो ट्रक नेले. पण हीच सडक धरून सरळ धुळ्यापर्यंत जावे, तेथून मालेगाव, चांदवडवरून नाशिक गाठावे, असे आमच्या घरात कोणी केले नव्हते.

बाबा घरी फार बोलत नाहीत. खिडकीपाशी बसले आणि बोलू लागले. वर्धा नदीच्या पुलावर म्हणाले, पूर्वी पावसाळ्यात पलीकडची सोयरिक म्हणजे चार महिने भेट नाही. मोझरीला हात जोडले. ११ ऑक्टोबर १९६८ ला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले, तेव्हा ते गावच्या मंडळींबरोबर तेथे गेले होते. ती गर्दी, ती शांतता त्यांनी मला प्रथमच सांगितली. अमरावती, मूर्तिजापूर, अकोला मागे पडले. खामगावपाशी कापसाच्या गाड्यांची गोष्ट निघाली. आमचे पणजोबा आर्वीच्या जिनात कापूस नेत. तेथून पुलगावला जाणारी छोटी रेल्वे १९१७ सालची. त्र्यंबकला जाताना पणजोबा त्याच गाडीने पुलगावला गेले, तेथून मोठ्या गाडीने नाशिक रोडला उतरले, असे बाबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकले होते. मलकापूर, भुसावळ, जळगाव, पारोळा. धुळे येईतो माझ्या खिशातल्या डायरीची अकरा पाने भरली होती. बेचाळीस साली आष्टीला नागपंचमीच्या दिवशी गोळीबार झाला, तेव्हा गावात रात्री दिवे कसे लागले नाहीत, हेही त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेले होते. ते त्या पानांत आहे.

त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान केले. गाव, आडनाव सांगत तीन घरे फिरलो. तिसऱ्या घरी गुरुजींनी जिल्ह्याचे बाड काढले. तासभर पाने उलटली. मग एका पानावर बोट ठेवून ते वाचू लागले. शके १८६०, माघ महिना. म्हणजे १९३९ चा आरंभ. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे, आजोबांचे. बरोबर मुलगा, म्हणजे माझे आजोबा. आणि पुढे, सून पार्वती, माहेर कौंडण्यपूर, तिच्या वडिलांचे नाव.

बाबांनी ते तीनदा वाचावयास लावले. त्यांना मोडी येत नाही, तरी चष्मा लावून त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिले. मग मला म्हणाले, "बरं झालं. आता वर गेल्यावर तिले हाक तं मारता येईन."

खाली बाबांनी आपले, माझ्या आईचे, आम्हा भावंडांचे आणि नातवंडांचे नाव लिहविले. मुलींची आणि सुनांची नावे माहेरासह लिहा, असे त्यांनीच सांगितले.

परतताना तिवशाला उतरून आम्ही कौंडण्यपूरला गेलो. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते गाव सर्वांना ठाऊक आहे. दर आषाढीला तेथून पंढरपूरला पालखी जाते. आपल्या गावापासून ते किती जवळ! बाबा आयुष्यभर या सडकेने गेले-आले, पण आपले आजोळ तेथे आहे हे त्यांना माहीत नव्हते. आम्ही पारावर बसलेल्यांना वहीतले नाव सांगितले. दोन तास चौकशी केल्यावर एका घरी पोचलो. तेथे ऐंशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. नात्याने बाबांच्या मामेवहिनी. त्यांनी आपल्या सासूकडून ऐकले होते की एक नणंद नदीपलीकडे तळेगावला दिली होती, लहान लेकरू ठेवून ती गेली. माहेरचे नाव तुळसा.

बाबांनी विचारले, मग कोणी आले का नाही? त्या म्हणाल्या, मामंजी दोनदा डोंग्यातून नदी उतरून लेकराला पाहून आले. मग तुमच्या घरच्यांनी सांगितले, नव्या आईची सवय होऊ द्या, आता येऊ नका. म्हणून ते गेले नाहीत. पण पोळ्याच्या दिवशी भाच्याची आठवण काढीत.

मंडळी, यात दोष कोणाचा नाही. लेकराला आई लागावी म्हणून दोन्ही घरांनी मन आवरले. पण त्या आवरण्यात एका बाईचे नाव पंचाहत्तर वर्षे बुडाले. त्या घरी बाबांना टोपी-दुपट्टा मिळाला. त्यांच्या वयाच्या माणसाला आजोळचा आहेर पहिल्यांदा मिळाला. यंदाच्या सर्वपित्रीला भटजींनी विचारले, तेव्हा बाबा थांबले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. आपण मंदिराचा जीर्णोद्धार केला. देणगीदारांची नावे दगडावर कोरली जातील, ते योग्यच आहे. समितीला माझी एक विनंती आहे. जेथे जोडप्याने देणगी दिली आहे, तेथे "सौ. व श्री." एवढ्यावर न थांबता बाईचे स्वतःचे नाव कोरावे. सरकारनेही आता तो मार्ग धरला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे, असे कागदोपत्री लिहावयाचे ठरले आहे. सरकारी खिडकीवर जे झाले, ते देवाच्या दारात होण्यास हरकत नसावी.

दुसरी विनंती प्रत्येक घराला आहे. त्र्यंबकला जाणे सर्वांना जमेल असे नाही. पण घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ एक वही घेऊन बसणे सर्वांना जमते. पाच गोष्टी विचारा. आजी-पणजीचे सासरचे नाव, माहेरचे नाव, माहेरचे गाव, तिच्या वडिलांचे नाव, आणि ती कशाने गेली. जमल्यास त्यांना घेऊन एकदा सडकेला लागा. घरच्या ओसरीवर जे आठवत नाही, ते नदी दिसली, जिन दिसला, जुने स्टेशन दिसले की आठवते. हा माझा अनुभव आहे. आणि हे लवकर करा. अधिकार अभिलेखाची नक्कल केव्हाही मिळेल. वडीलधाऱ्यांच्या सांगण्याची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही.